खाटकांचा खटला आणि रॉबर्ट इलियट

६ जानेवारी १८७४. वॉशिंग्टनमध्ये, अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधिगृहात, कृष्णवर्णीय वकील रॉबर्ट ब्राउन इलियट बोलायला उभे राहिले. उत्तर द्यायचं होतं अलेक्झांडर स्टीफन्स यांना. गुलामगिरीसाठी फुटून निघालेल्या राज्यांचे हे एकेकाळचे उपराष्ट्राध्यक्ष. काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही, हाच आपल्या सरकारचा पाया, असं त्यांनी १८६१ मध्ये जाहीर भाषणात सांगितलं होतं. तेरा वर्षांत इतिहासाने केवढी कूस बदलली!

वाद नागरी हक्कांच्या विधेयकाचा होता: खानावळ, आगगाडी, नाटकगृह इथे वर्ण पाहून कुणाला अडवू नये. विरोधकांचं हत्यार होतं न्यू ऑर्लिन्सच्या खाटकांचा खटला. शहरातली कत्तल एकाच कंपनीच्या आवारात व्हावी, या राज्याच्या कायद्याविरुद्ध लढलेले खाटीक १८७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरले होते. नागरिकांचे बहुतेक हक्क राज्यांच्या अखत्यारीत, मग केंद्राने त्यात पडावंच कशाला, असं विरोधक म्हणत. इलियटनी तोच निकाल उघडला. खाटकांनी ज्यांचा आधार घेतला होता, त्या यादवी युद्धानंतरच्या घटनादुरुस्त्या मुळात गुलामगिरीतून सुटलेल्यांच्या रक्षणासाठी झाल्या, हे खुद्द न्यायाधीशांनीच त्यात लिहिलं होतं. कत्तलखाना कुठे असावा हे राज्याने खुशाल ठरवावं. वर्णावरून माणसाचा हक्क हिरावणं ही गोष्टच निराळी. दयेची याचना कुठेच नाही, प्रतिपक्षाच्याच पुराव्यावर उभा केलेला युक्तिवाद! मला तो विलक्षण वाटतो.

हा माणूस घडला कुठे? बोस्टनला जन्मलो, ईटनला शिकलो, असं ते सांगत. चरित्रकारांना मात्र त्यांचं मूळ लिव्हरपूलचं असावं असं वाटतं. १८६७ मध्ये ते साउथ कॅरोलायनात येऊन ‘साउथ कॅरोलायना लीडर’चे सहसंपादक झाले. पुढच्याच वर्षी राज्याची घटना लिहिणाऱ्या परिषदेत गेले. मतदानासाठी साक्षरतेची अट नको, असा त्यांचा आग्रह होता. गुलामांना वाचायला शिकवणं जिथे गुन्हा होता, त्या राज्यात ही अट म्हणजे हक्क देऊन लगेच काढून घेणंच. त्याच वर्षी ते आमदारही झाले, वकीलही.

विधेयक १८७५ मध्ये मंजूर झालं, तेव्हा इलियट राज्याच्या विधानसभेचे अध्यक्ष होते. न्यायालयाने १८८३ मध्ये तो कायदा मोडीत काढला; पुढच्याच वर्षी मलेरियाने, कफल्लक अवस्थेत, इलियट गेले. १९६४ मध्ये हॉटेलांतल्या वर्णभेदावर पुन्हा बंदी आली. ती न्यायालयात टिकली, पण त्या घटनादुरुस्त्यांमधल्या समतेच्या कलमावर नाही, राज्याराज्यांतल्या व्यापाराचं नियमन करण्याच्या केंद्राच्या अधिकारावर. १८८३ चा निकाल आजवर रद्द झालेला नाही.