सनदेतील एक कलम आणि दियालो तेली

आफ्रिकेच्या स्वातंत्र्यपर्वाविषयी वाचताना एन्क्रुमा, न्येरेरे, केन्याटा ही नावे वारंवार भेटतात. बुबाकार दियालो तेली हे नाव मला बऱ्याच उशिरा भेटले. आफ्रिकी ऐक्य संघटनेचे ते पहिले सरचिटणीस. त्यांचा शेवट वाचल्यापासून एक प्रश्न माझी पाठ सोडत नाही. ज्या संघटनेची त्यांनी आठ वर्षे सेवा केली, ती त्यांच्यासाठी काहीच का करू शकली नाही?

तेलींचा जन्म 1925 साली पश्चिम आफ्रिकेतील गिनी देशात, फुला समाजात झाला. पॅरिसमध्ये कायद्याचे शिक्षण घेऊन ते फ्रेंच वसाहतींच्या प्रशासनात शिरले. 28 सप्टेंबर 1958 रोजी गिनीने सार्वमतात द गॉल यांचा ‘फ्रेंच समुदाया’चा प्रस्ताव फेटाळला. आफ्रिकेतील फ्रेंच वसाहतींपैकी असे करणारी ती एकटीच. चिडलेल्या फ्रान्सने आपले अधिकारी आणि मदत काढून घेतली. नव्या राष्ट्राकडे शिकलेली माणसे मोजकीच होती. त्यामुळे तिशीतले तेली संयुक्त राष्ट्रांत गिनीचे प्रतिनिधी झाले. दक्षिण आफ्रिकेतील वंशभेदाचा प्रश्न भारताने तिथल्या भारतीयांच्या निमित्ताने 1946 साली या व्यासपीठावर नेला होता. 1963 मध्ये वर्णभेदविरोधी विशेष समिती नेमली गेली, तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष तेलीच होते.

त्याच वर्षी 25 मे रोजी ॲडिस अबाबा येथे 32 देशांनी आफ्रिकी ऐक्य संघटना स्थापन केली. सदस्य देशाच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ करायची नाही, हे तिच्या सनदेचे एक मूलतत्त्व होते. केवळ हुकूमशहांच्या सोयीसाठी ते घातले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. सीमा परक्यांनी आखलेल्या, सरकारे नवखी. जानेवारीतच टोगोच्या अध्यक्षांचा खून झालेला आणि संशयाची सुई शेजाऱ्यांकडे वळलेली. प्रत्येकाला शेजाऱ्याची धास्ती होती. सरचिटणीसही फार बलवान नको, म्हणून सनदेत पदाचे नावच ‘प्रशासकीय सरचिटणीस’ असे ठेवले गेले.

जुलै 1964 मध्ये कैरोला तेलींची या पदावर निवड झाली. कारकुनी करणे त्यांच्या स्वभावात नव्हते. ते स्पष्ट बोलत, आणि अनेक राष्ट्रप्रमुखांना ते खुपत असे. 1972 च्या रबात परिषदेत त्यांची फेरनिवड झाली नाही.

ते मायदेशी परतले. अध्यक्ष सेकू तुरे यांच्या राज्यात 1971 मध्ये माणसे जाहीरपणे फासावर चढली होती, हे त्यांना ठाऊक नसणे शक्य नाही. तरीही ते त्याच सरकारात न्यायमंत्री झाले. इथे त्यांना निव्वळ हुतात्मा ठरवताना माझी लेखणी अडखळते.

जुलै 1976 मध्ये फुला समाजाच्या कथित कटाचे सूत्रधार म्हणून त्यांना अटक झाली. कोनाक्रीच्या बोइरो छावणीत छळ करून कबुलीजबाब लिहून घेतला गेला. मग कोठडीत अन्नपाणी तोडण्यात आले. तिथे या शिक्षेला ‘काळा आहार’ म्हणत. 1977 च्या सुरुवातीला, इतर चार कैद्यांबरोबर, तेलींचा अंत झाला.

सनदेच्या दृष्टीने ही गिनीची ‘अंतर्गत बाब’ होती. इतकेच नव्हे, तर संघटनेची 1984 ची शिखर परिषद कोनाक्रीतच भरायची ठरली होती; तुरे यांच्या निधनामुळे ती तिथे झाली नाही.

2000 साली आफ्रिकी संघाची नवी घटना झाली. वंशसंहार, युद्धगुन्हे आणि मानवतेविरुद्धचे गुन्हे घडत असल्यास हस्तक्षेपाचा अधिकार तिने संघाला दिला. पाऊल मोठे आहे. पण कोठडीत उपाशी मारल्या जाणाऱ्या एकट्या कैद्यासाठी ते कलम उघडेल, असे मला वाटत नाही. शेजाऱ्यापासून राष्ट्राला वाचवणारे कलम आफ्रिकेने पहिल्याच दिवशी लिहिले. सरकारपासून नागरिकाला वाचवण्याचे काम अजून अपुरेच आहे, आणि ते केवळ आफ्रिकेतच अपुरे आहे असेही नाही.