रक्तातच असतं का?

बीड जिल्ह्यात दुष्काळ, कर्ज, आजार यांनी खचून काही शेतकऱ्यांनी जीव दिला. अशा घराला लोक म्हणतात, "त्यांच्या रक्तातच आहे!" आम्ही सांगतो, हे पुरतं खरं नाही. शास्त्रज्ञांनी जुळ्या भावंडांना तपासलं. थोडा धोका आईबापांकडून येतो, असं दिसलं. पण जीव द्यायला लावणारं एकच बीज कोणाच्या अंगात नसतं. ज्वारीचं बी तेच. ओल मिळाली तर कणीस भरतं. माणसाचंही तसंच.

म्हणून त्या घरातल्या लेकरांना नावं ठेवू नका. कोणी गप्प गप्प झाला, तर जवळ बसा, सरळ विचारा. विचारल्यानं वाईट विचार वाढत नाही, मन हलकं होतं. फवारणीचं औषध कुलपात ठेवा. डॉक्टरांकडे न्या. सरकारनं २०२२ साली 'टेली मानस' सुरू केलं. १४४१६ वर फोन फुकट लागतो, रात्रीही.