हुंड्यात गेलेला किल्ला आणि दोन दिवसांची सफर

आम्ही सोलापूरकर रोज भुईकोट किल्ल्याच्या कडेने जातो. कोणी शाळेला, कोणी बाजाराला, कोणी सिद्धेश्वर तलावावर फिरायला. हा किल्ला एकदा हुंड्यात दिला गेला होता, हे किती जणांना ठाऊक आहे? आमच्या वर्गातल्या मुलांना विचारले तर सगळी हसली. एकाने विचारले, "टीचर, किल्ला घेऊन नवरदेव ठेवणार कुठे?"

गोष्ट खरी आहे. सोळाव्या शतकात सोलापूर हे अहमदनगरच्या निजामशाहीच्या आणि विजापूरच्या आदिलशाहीच्या मधोमध अडकलेले गाव. १५२४ मध्ये विजापूरची शहजादी मरियम अहमदनगरच्या बुऱ्हान निजामशहाला दिली. तेव्हा सोलापूरचा किल्ला सोबत देण्याची बोली झाली, पण दिला मात्र नाही. त्यावरून दोन्ही घराण्यांत पुढे कितीतरी वर्षे तलवारी चालल्या. मग तालिकोटच्या लढाईआधी (ती १५६५ ची) दोघांत समेट झाला. हुसेन निजामशहाची मुलगी चांदबिबी विजापूरच्या पहिल्या अली आदिलशहाला दिली आणि तिच्याबरोबर सोलापूरचा किल्ला गेला.

सप्टेंबरात आम्ही एक किरकोळ रजा टाकली आणि भाईजानच्या गाडीतून दोन दिवसांची सफर केली, तेव्हा ही गोष्ट डोक्यात होतीच. गाडीत भाईजान, भाभी, अम्मी, आमची भाची आणि आम्ही. भाचीचे नुकतेच बी.कॉम. झाले आहे. तिच्या रिश्त्याची बोलणी चालू होती आणि मुलाकडच्यांनी मध्यस्थ खालांच्या तोंडून "मुलाला गाडी असली तर बरे" असे कळवले होते. भाईजान घराशेजारचा प्लॉट विकायच्या विचारात होते. याविषयी गाडीत कोणी बोलत नव्हते, पण सगळ्यांना माहीत होते.

शनिवारी फज्र पढून निघालो. डब्यात ज्वारीची कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि भाभीने रात्री केलेला खिमा. हैदराबाद रस्त्याने साधारण ५० किलोमीटरवर नळदुर्ग. पाऊस चांगला झाला असेल तर हीच वेळ जायची. बोरी नदीला किल्ल्याच्या पोटातून वळवले आहे आणि नळदुर्ग व समोरचा रणमंडळ यांच्यामध्ये दगडी बंधारा घातला आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ मध्ये तो पुरा झाला. बंधाऱ्याच्या पोटात पायऱ्या उतरून गेले की पाणीमहाल लागतो. धरण भरले की पाणी वरून दोन सांडव्यांतून कोसळते. त्यांना लोक नर आणि मादी म्हणतात. आपण आत कोरडे उभे असतो आणि समोर पाण्याचा पडदा. अम्मींच्या गुडघ्यांना त्या पायऱ्या झेपणार नव्हत्या, त्या वरच सावलीत तसबीह घेऊन बसल्या. पण पाण्याचा आवाज त्यांनाही पुरला.

आमच्यासारख्या टँकरची वाट पाहणाऱ्या जिल्ह्यातल्या माणसाला नळदुर्ग पाहून महालाचे कौतुक कमी आणि बंधाऱ्याचे जास्त वाटते. दर उन्हाळ्यात घागरी रांगेत लावणाऱ्या मुलांना ही जागा एकदा तरी दाखवावी. उपळी बुरुज उंच आहे, वर दोन लांब तोफा आहेत. चढताना दम लागतो, पाणी सोबत ठेवावे.

तिथून अक्कलकोटवरून आळंदला. हजरत लाडले मशायख (रह.) यांच्या दर्गाहवर फातिहा पढून पुढे गुलबर्ग्याला, म्हणजे आता कलबुर्गीला. वाटेत कुठे मराठी संपते आणि कन्नड सुरू होते ते कळत नाही. दुकानदार तिन्ही भाषांत भाव सांगतो, त्यातली तिसरी आपली दखनी.

गुलबर्गा १३४७ पासून बहमनी सुलतानांची राजधानी. किल्ल्यातली जामा मशीद १३६७ ची आहे आणि तिच्यासारखी दुसरी आपल्याकडे पाहिल्याचे आठवत नाही, कारण तिला मोकळे सहनच नाही. सगळी मशीद छताखाली, लहान लहान घुमटांच्या रांगा आणि बाजूंनी कमानी, त्यातून उजेड येतो. भर दुपारी आत गारवा होता. अस्र झाल्यावर ख्वाजा बंदानवाज गेसूदराज (रह.) यांच्या दर्गाहवर गेलो. त्यांचे निधन १४२२ चे. दिल्लीहून उतारवयात आलेले हे बुजुर्ग इथेच राहिले. आम्ही बायका बाहेरच्या बाजूला बसलो. गर्दी बरीच होती, त्यात आमच्या शेजारी एक हिंदू कुटुंब नवस फेडायला आले होते, लातूरकडचे. अम्मींची आणि त्यांच्या आजींची गुडघ्यांवरून चांगली गट्टी जमली. मुक्काम एका साध्या लॉजवर केला. चादरी स्वच्छ नव्हत्या, आमच्या सोलापुरी चादरी बरोबर होत्या म्हणून निभावले.

रविवारी जेवर्गी, सिंदगी करत विजापूर. अंतर सुमारे १६० किलोमीटर, दोन्ही बाजूंना तुरीचे रान. भाचीने मोबाइलमध्ये चांदबिबीविषयी वाचत आणले होते आणि वाटेत तीच सांगत होती. नवरा १५८० मध्ये मारला गेला. गादीवर बसला नवऱ्याचा नऊ वर्षांचा पुतण्या इब्राहिम, आणि त्याच्या नावाने कारभार पाहिला चांदबिबीने. पुढे माहेरी अहमदनगरला जाऊन १५९५-९६ मध्ये तिने अकबराच्या फौजेपासून किल्ला राखला. १६०० मध्ये तिच्याच माणसांनी तिला मारले. नळदुर्गचा बंधारा बांधवणारा इब्राहिम तो हाच मुलगा. किताब-ए-नौरस दखनीत लिहिणारा, गाण्याचा वेडा बादशहा.

त्याचीच कबर इब्राहिम रोज्यात आहे. १६२७ च्या सुमाराची इमारत. मुळात ती राणी ताज सुलतानासाठी काढली होती असे म्हणतात, पण बादशहाच आधी गेला. आमच्या मते विजापुरात गोलघुमटापेक्षा रोजा जास्त वेळ मागतो. दगडी जाळ्यांत अक्षरे कोरली आहेत. उर्दूच्या वर्गात मुलांना अक्षर वळणदार काढा म्हणून ओरडणाऱ्या आम्हाला तिथे गप्प राहावे लागले.

गोलघुमट मात्र चुकवता येत नाही. १६५६ चा, महंमद आदिलशहाचा. घुमटाचा बाहेरचा व्यास ४४ मीटर. तो बांधणारा याकूत दाभोळचा मानला जातो, म्हणजे आपला कोकणचाच माणूस. वरच्या सज्जात कुजबुज पलीकडे स्पष्ट ऐकू येते, पण सुट्टीच्या दिवशी सगळेच ओरडत असतात. सकाळी लवकर गेलात तरच मजा. मलिक-ए-मैदान तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली आणि आपल्या परंड्याहून विजापूरला नेली. ५५ टनांचे हे धूड कसे ओढत आणले असेल, यावर भाईजानने गाडीच्या मायलेजचा हिशेब लावून सगळ्यांना हसवले.

चांद बावडीजवळ हसणे थांबले. ही विहीर अली आदिलशहाने चांदबिबीच्या नावाने बांधली. भाचीने पाण्याकडे बघत विचारले, "अब्बू, किल्ला देताना तिला कोणी विचारलं असेल?"

भाईजान म्हणाले, "बादशहांच्या गोष्टी वेगळ्या, बेटा."

"आपण तर बादशहा नाही. आपल्याकडे एकच प्लॉट आहे."

भाभीने तिला डोळ्यांनी दटावले. आम्ही काही बोललो नाही. मेहर मुलाने द्यायचा असतो हे आम्ही वर्गात शिकवतो, आणि स्वतःच्या घरात गाडीचे मॉडेल निवडायला मदतही केली होती. ते त्या वेळी आठवले.

परतताना झळकीच्या पुढे चहाला थांबलो तेव्हा मध्यस्थ खालांचा फोन आला. गाडीचे बुकिंग कधी करणार, असे त्यांना विचारायचे होते. भाईजान ढाब्याबाहेर जाऊन बराच वेळ बोलले. परत आले ते इतकेच म्हणाले, "मी सांगितलं, रविवारी स्वतः येतो." मग भाचीला पुढच्या सीटवर बसवले. भीमेच्या पुलावर, टाकळीला, मगरिब झाली. रस्त्याच्या कडेला चादर अंथरून नमाज पढलो आणि इशाच्या आत घरी पोहोचलो.

पुढच्या रविवारी भाईजान मुलाच्या घरी जाऊन आले. निकाह मशिदीत, वलीमा त्यांचा, गाडी नाही, असे स्पष्ट सांगून आले. मुलाच्या वडिलांनी चहा पाजला आणि घरात विचारून कळवतो म्हणाले. हे लिहीपर्यंत निरोप आलेला नाही. प्लॉट अजून आहे, आणि भाचीने एम.कॉम.चा फॉर्म भरला आहे.