गाळ्याची किल्ली कुणाकडे?

1897 हे साल आपल्याकडच्या कुलुपांच्या इतिहासात दोनदा येतं. त्या वर्षी वकिली सोडलेल्या अर्देशिर गोदरेज यांनी मुंबईत लालबागला कुलुपं बनवायला सुरुवात केली. शहरातल्या घरफोड्यांच्या बातम्या वाचून त्यांना हे सुचलं, असं सांगतात. त्याच वर्षी कलकत्त्यात बोटांच्या ठशांची सरकारी कचेरी सुरू झाली. तिथल्या ठशांच्या वर्गीकरणाला जगभर एडवर्ड हेन्रींचं नाव लागलं, पण त्यातलं बरंचसं डोकं अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांचं होतं. पुढे शंभरेक वर्षं कुलूप आणि ठसा आपापल्या वाटेने गेले. त्यांची गाठ पडली ती गेल्या वीस-पंचवीस वर्षांत, भोसरीच्या गाळ्यांत, डॉक्टरांच्या दवाखान्यांत, सीएंच्या हापिसांत, क्लासेसमध्ये. ती कशी पडली ते बघण्यासारखं आहे. छोट्या धंद्यात बिनकिल्लीचं दार चोराच्या धास्तीने आलेलं नाही. ते हजेरीच्या मस्टरमधून आलं.

त्याआधीची व्यवस्था साधी होती. शटरला दोन्ही बाजूंना एकेक कुलूप, मध्ये सेंटर लॉक, आणि किल्ल्यांचा जुडगा एका माणसाकडे. हा माणूस म्हणजे मालक असायचाच असं नाही. गुमास्ता लायसनवर नाव मालकाचं, पण दुकान ज्याच्या येण्यावर उघडायचं तो जुना दिवाणजी किंवा हेडमिस्त्री. तो आजारी पडला की सगळा स्टाफ पायरीवर बसून राही. सराफांकडे दोन किल्ल्या दोघांकडे ठेवायची पद्धत होती, म्हणजे एकट्याला तिजोरी उघडता येऊ नये. नोकरी सोडून गेलेल्याने किल्ली परत केली तरी कोपऱ्यावरच्या चावीवाल्याकडून त्याने आधीच दुसरी करून घेतली आहे का, हे कळायला मार्ग नव्हता. नियमाने कुलूप बदलायला हवं. फारच थोडे बदलत. एकंदर भिस्त माणसावर होती, आणि ज्याच्या कमरेला जुडगा त्याला पगारापेक्षा मान जास्त होता.

मोठ्या आयटी कंपन्यांत नव्वदच्या दशकाच्या शेवटी गळ्यातली कार्डं दिसू लागली. छोट्यांनी त्यांचीच नक्कल केली आणि महिन्याभरात त्यांना अनुभव आला: एक जण येतो आणि पाच जणांची कार्डं टेकवतो. त्या स्वस्त कार्डात असतो फक्त एक नंबर, आणि विचारणाऱ्या प्रत्येक यंत्राला ते तो बिनबोभाट सांगतं. आता तर किल्ल्या करून देणारेही त्याची नक्कल करून देतात. त्यामुळे कार्ड मागे पडलं आणि 'थंब', म्हणजे बोटाचा ठसा घेणारं हजेरीचं मशीन, आलं. पगारपत्रकं करून देण्याचं काम मी बरीच वर्षं केलं असल्याने ही लाट समोरून पाहिली. महिनाअखेरीला मालक पेनड्राइव्ह आणून द्यायचे. त्यात प्रत्येकाच्या येण्या-जाण्याची वेळ मिनिटागणिक, आणि मधूनमधून 'मिस पंच'. नऊ वाजून सहा मिनिटांनी आलेल्याचा लेट मार्क लावायचा की नाही, यावरून सुपरवायझर आणि कामगार माझ्या टेबलासमोर भांडलेले आहेत. चोरी हा शब्द त्या संभाषणात यायचा तो वेळेच्या चोरीपुरता.

दार त्यात मागाहून आलं. मशीनच्या पाठीमागे रिलेच्या, म्हणजे दाराचं लॉक चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या, दोन तारा मोकळ्या असायच्या. बसवणारा म्हणायचा, "साहेब, एवढं घेतलंच आहे तर ईएम लॉक पण लावून टाकू." ईएम लॉक म्हणजे चौकटीवरचं विद्युतचुंबक आणि दारावरची पोलादी पट्टी. नेहमीच्या लॉकची पकडही पावणेतीनशे किलोंच्या आसपास असते. अशा रीतीने हजेरीच्या पैशात दारही झालं.

आपल्याच माणसाला बांधून ठेवायला ठसा घेण्याची ही तऱ्हा काही नवी नव्हती. 1858 साली बंगालमध्ये जंगीपूरला विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने रस्त्यासाठी खडी पुरवणाऱ्या राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराच्या आख्ख्या पंजाचा ठसा करारावर घेतला. का, तर सही माझी नव्हेच, असं म्हणून उद्या तो पलटू नये. प्रशासनाने मुद्दाम ठसा घेतल्याच्या पहिल्या नोंदींपैकी ही एक, आणि तीही एका छोट्या व्यावसायिकाची! परक्याला ओळखण्याचा तिथे प्रश्नच नव्हता. आपल्याच माणसाला शब्दात बांधून ठेवायचं होतं. थंब मशीनचा वंश थेट इथवर जातो, असं मला वाटतं.

आता बोटांविषयी. टर्नर, फिटर यांचे हात दिवसभर कूलंटमध्ये आणि बरमध्ये असतात. शेवटी बोटांच्या रेघा पुसट होतात. भांडी घासणाऱ्या, बांधकामावर चुना-सिमेंट कालवणाऱ्या बायकांचंही तेच. मशीन लाल दिवा लावून 'प्लीज ट्राय अगेन' म्हणतं, मागे रांग वाढते, आणि शेवटी वैतागून त्यांना पासवर्ड दिला जातो. पासवर्ड बहुधा एक-दोन-तीन-चार. म्हणजे ज्या दाराला बोट लागतं असं मालक पाहुण्यांना कौतुकाने सांगतो, ते चार आकड्यांवर उघडतं आणि आकडे आख्ख्या शिफ्टला पाठ असतात. त्याहून मोठी गंमत अशी की बऱ्याच मशीनमध्ये 'अॅडमिन' म्हणून कुणाची नोंदच झालेली नसते. तशा मशीनचा मेनू कुणालाही उघडतो. मेनू दाबावा, स्वतःचं बोट चढवावं, झालं. स्वस्त मशीनचा रिले तर बाहेरच्या डब्यातच असतो; डबा उचकटून दोन तारा जोडल्या की बोटाचीही गरज नाही. रिले आतल्या बाजूला ठेवणारी पद्धत आहे, पण ती थोडी महाग पडते आणि बसवणारा तिचं नाव काढत नाही.

वीज गेली की काय, हा प्रश्न महाराष्ट्राला वेगळा सांगायला नको. 2005 नंतरची भारनियमनाची वर्षं आणि पुण्यातले बिनविजेचे गुरुवार आठवा. चुंबकाची वीज गेली की दार मोकळं. म्हणून सोबत बारा व्होल्टची छोटी बॅटरी देतात. ती दोन-तीन वर्षांत मान टाकते आणि कुणी बदलत नाही. मालकांची तक्रार असायची की लाइट गेली की दार आपोआप उघडतं, हे कसलं कुलूप? पण तो दोष नाही, हेतूच तो आहे. आग लागली, धूर झाला, तर आतल्या माणसाला बाहेर पडता आलं पाहिजे.

या मुद्द्यावर थोडं थांबायला हवं. 2016 च्या डिसेंबरात पुण्यात कोंढव्यातल्या एका बेकरीला पहाटे आग लागली आणि आत झोपलेले सहा कामगार गेले. 2019 च्या मे महिन्यात उरुळी देवाचीत कापडाच्या दुकानाला आग लागून पाच कामगार गेले. दोन्ही ठिकाणी बाहेरून कुलूप होतं. रात्री कामगार आत झोपवायचे आणि बाहेरून शटरला कुलूप लावून घरी जायचं, ही रीत आपल्या बाजारपेठांत इतकी मुरलेली आहे की तिच्यात काही वावगं आहे असं कुणाला वाटत नाही. माल सांभाळायला माणूस ठेवायचा आणि माणूस माल नेईल म्हणून त्यालाच कोंडायचं. वीज तुटताच सुटणारं लॉक आणि आतलं हिरवं एक्झिट बटण या रीतीला छेद देऊ शकलं असतं. दिलं नाही, कारण ते लागलं काचेच्या दाराला आणि शटरवरचं कुलूप जागच्या जागी राहिलं. बिनकिल्लीच्या पंचवीस वर्षांच्या हिशेबात मला ही सगळ्यात मोठी तूट वाटते.

शनिशिंगणापूरचा दाखला इथे चटकन आठवतो. घरांना दारं-कुलुपं नसलेल्या या गावात 2011 च्या जानेवारीत युको बँकेने 'बिनकुलपाची' शाखा उघडली. काचेचं दार बसवलं आणि गावकऱ्यांची श्रद्धा दुखावू नये म्हणून रिमोटवर चालणारं चुंबकीय लॉक चटकन नजरेत येणार नाही असं लावलं. चोराचा बंदोबस्त शनिमहाराजांकडे, आणि ऑडिटरचा बंदोबस्त चुंबकाकडे. तडजोड म्हणून मला ती फार आवडते.

2010 च्या सप्टेंबरात नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत पहिलं आधार दिलं गेलं, आणि त्यानंतर यंत्रावर बोट ठेवण्याचा संकोच लोकांतून गेला. रेशन दुकानापासून सिमकार्डापर्यंत सगळीकडे बोट. मग 2020 चा मार्च आला. केंद्र सरकारच्या कार्यालयांतली बायोमेट्रिक हजेरी थांबली, खासगीतही मशीनवर प्लास्टिक चढलं, आणि वर्षभरात चेहरा ओळखणारी मशीनं पाच-सात हजारांवर येऊन ठेपली.

बिनकिल्लीच्या दाराने खरोखर नवा धंदा उभा केला तो अभ्यासिकांत. सदाशिव पेठ, नवी पेठ इथे स्पर्धा परीक्षेची मुलं रात्रभर बसतात. मालक घरी झोपलेला असतो आणि दार यंत्र सांभाळतं. फी थकली की दुसऱ्या दिवशी दार ओळख दाखवत नाही. वसुलीसाठी माणूस नको, तोंडाला तोंड नको. कोकणातल्या होमस्टेवाल्यांचंही तसंच. मालक डोंबिवलीत, पाहुणा मालवणात, कोड व्हॉट्सअॅपवर. लॉकचे सेल संपले तर खालच्या दोन टोकांना नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी टेकवून कोड दाबायचा, हे पाहुण्याला फोनवर समजावताना मात्र मालकाचा घसा कोरडा पडतो.

या सगळ्यात जुडगा कुठे गेला? दिवाणजीच्या कमरेवरून तो बसवणाऱ्याच्या मोबाइलमध्ये गेला. अॅडमिनचा पासवर्ड त्याच्याकडे, क्लाउडचं खातं त्याच्या नावावर, वार्षिक देखभालीचा करार थकला की फोन न उचलणाराही तोच. दिवाणजीला निदान दिवाळीला पेढे देऊन सांभाळता यायचं.

2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याप्रमाणे ज्या कामासाठी माहिती घेतली ते संपलं की ती पुसायला हवी. मशीनमध्ये ठशाचं चित्र नसतं, खुणांचा आकड्यांत केलेला साचा असतो, पण तीही त्या माणसाचीच माहिती. हजारो बोटांची जागा असल्याने कुणी पुसायच्या भानगडीत पडत नाही. गाळा विकला जातो तेव्हा मशीन भिंतीवरच राहतं. नवा मालक पहिल्याच दिवशी शटरची कुलुपं बदलून घेतो आणि मशीनमध्ये आपल्या माणसांची नावं चढवतो. आधीच्या मालकाच्या कामगारांची नावं त्या यादीत वर तशीच असतात, आणि त्यातल्या कुणी येऊन बोट ठेवलं तर दार उघडतं.