चार वाजता ऑफिस सुटतं, मग मेणबत्ती लागते

मऊ ब्लँकेट, लोकरी मोजे, वाफाळता मग... डॅनिश 'ह्युगा' म्हणजे एवढंच असं वाटत असेल, तर थांबा. खरा फंडा वेगळाच आहे.

दुपारचे साडेतीन वाजलेत आणि बाहेर काळोख पडायला लागलाय. डिसेंबरमधलं कोपनहेगन हे असं असतं. सूर्य सकाळी साडेआठच्या सुमारास उगवणार, सात तास कसंबसं तोंड दाखवणार आणि पावणेचारच्या आत गुल. तेही ढग नसतील तर. आणि ढग बहुतेक असतातच. टेंपरेचर शून्याच्या आगेमागे, झोंबरा वारा आणि धड बर्फ नाही, धड पाऊस नाही अशी भुरभुर. अशा हवेत महिनोन्महिने काढणारी माणसं खरं तर जाम वैतागलेली असायला हवीत. पण 'वर्ल्ड हॅपिनेस रिपोर्ट'मध्ये हे डॅनिश २०१२, २०१३ आणि २०१६ साली चक्क पहिले आले. २०१८ ते २०२५ फिनलंडने पहिला नंबर कुणाला दिला नाही, तरी डेन्मार्क पहिल्या तिनात टिकून राहिला.

यामागचं सिक्रेट काय, असं विचारलं की एक शब्द पुढे केला जातो. 'ह्युगा'. म्हणायला अवघड आहे, बरं का. ओठांचा चंबू 'ऊ'सारखा करायचा आणि आतून 'ई' काढायची, की त्यातला पहिला स्वर सापडतो. शब्द मूळचा नॉर्वेचा, डॅनिश लिखाणात तो १८००च्या आसपास दिसायला लागला. अर्थ? उबदार, निवांत, आपल्या माणसांतलं बरं वाटणं. नाम आहे, क्रियापद आहे, विशेषणही आहे. घर 'ह्युगली' असतं, गप्पा 'ह्युगली' असतात, निघताना 'मस्त ह्युगा कर' असं म्हणून निरोपही देता येतो. आणि त्याच्या अगदी उलट असलेला 'उह्युगली' हा शब्द डॅनिश लोक भीतीदायक, अंगावर काटा आणणाऱ्या गोष्टींसाठी वापरतात. म्हणजे जे उबदार नाही, ते थेट भुताटकीचं!

बाकी जगाला हा शब्द कळला तो २०१६ साली. कोपनहेगनच्या 'हॅपिनेस रिसर्च इन्स्टिट्यूट'चे प्रमुख माइक विकिंग यांचं 'द लिटल बुक ऑफ हिग्गी' आलं (हो, इंग्रजीत तसंही म्हणतात) आणि त्याच सीझनला लंडनमध्ये याच विषयावरच्या पुस्तकांची रांग लागली. ऑक्सफर्ड आणि कॉलिन्स या दोन्ही डिक्शनऱ्यांनी त्या वर्षीच्या खास शब्दांच्या यादीत 'ह्युगा'ला बसवलं. पुढे काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. ह्युगा मेणबत्ती, ह्युगा मोजे, ह्युगा उशी. एका साध्या शब्दाचं इतकं मार्केटिंग झालं की डॅनिश माणसांनाच हसू फुटलं असेल.

तरीही मेणबत्तीची गोष्ट खोटी नाही. विकिंग यांच्या पुस्तकात आकडा आहे, की एक डॅनिश माणूस वर्षाला सुमारे ६ किलो मेण जाळतो, युरोपात सगळ्यात जास्त. मेणबत्तीला त्यांच्याकडे शब्द आहे 'जिवंत प्रकाश'. आणि रंगाचा बेरंग करणाऱ्या माणसाला म्हणतात 'मेणबत्त्या विझवणारा'. शाळेतले वर्ग, ऑफिसातली मीटिंग, सकाळचा नाश्ता, कुठेही मेणबत्ती लावायला त्यांना कारण लागत नाही. पण सेंटेड नाही हं. व्हॅनिला, लॅव्हेंडर वगैरे वासांचं त्यांना फारसं कौतुक नाही. साधी पांढरी मेणबत्तीच बरी. एक मात्र आहे, जळत्या मेणबत्तीतून बारीक कण हवेत सुटतात. बंद घरात ढीगभर मेणबत्त्या लावून बसणं फुप्फुसांना मानवत नाही, त्यामुळे मध्येमध्ये खिडकी उघडावी लागतेच.

दिव्यांच्या बाबतीत तर हे लोक अक्षरशः वेडे आहेत. पॉल हेनिंगसन नावाचा त्यांचा एक आर्किटेक्ट होऊन गेला (१८९४ ते १९६७). लहानपणी तो रॉकेलच्या दिव्याच्या मऊ उजेडात वाढला. मग घरोघरी विजेचे बल्ब आले आणि त्यांचा डोळ्यांत घुसणारा झगमगाट त्याला असह्य झाला. १९२०च्या दशकाच्या मध्यावर त्याने एकाखाली एक अशा तीन शेड्सचा दिवा बनवला. पुढे १९५८ साली त्याचा 'पीएच ५' आला. नावातला ५ म्हणजे शेडचा ५० सेंटिमीटर व्यास. हा दिवा जेवणाच्या टेबलावर खाली लटकवायचा. कुठल्याही खुर्चीवरून पाहा, आतला बल्ब दिसत नाही, फक्त उजेड दिसतो. डॅनिश घरांत तो आजही लटकतो.

आता आपल्या घरात वर बघा. छताच्या मधोमध किंवा भिंतीवर एकच पांढरीफटक ट्यूब, बरोबर? बल्बच्या खोक्यावर 'के' असं लिहून पुढे एक आकडा असतो, तो केल्विनचा. आपल्या पांढऱ्या ट्यूबचा बहुतेक वेळा ६,५०० असतो, म्हणजे भर दुपारचा उजेड. मेणबत्तीचा साधारण १,८०० ते २,०००. आकडा जितका कमी, तितका उजेड पिवळसर आणि निवांत. डॅनिश फंडा असा, की एका मोठ्या दिव्याऐवजी खोलीत तीन-चार छोटे दिवे, तेही खालच्या उंचीवर, म्हणजे खोलीत उजेडाची बेटं तयार होतात. २,७०० के लिहिलेला एलईडी बल्ब कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो आणि एका पिझ्झाच्या निम्म्या पैशांत येतो. या लेखातलं सगळ्यात स्वस्त शॉपिंग हेच.

खाण्याचं काय? इथे मराठी वाचकाला एक सॉलिड सरप्राइज आहे. डिसेंबरमध्ये डॅनिश लोक 'एब्लस्किव्हर' नावाचा प्रकार करतात. ओतीव लोखंडाचा तवा, त्यात गोल खळगे, खळग्यांत पीठ ओतायचं, एका बाजूने झालं की विणायच्या सुईने उलटायचं. ओळखलंत? आप्पेपात्र! नावाचा अर्थ 'सफरचंदाच्या फोडी', पण हल्ली आत सफरचंद बहुधा नसतंच. वर पिठीसाखर, बाजूला जॅम आणि सोबत 'ग्लुग', म्हणजे दालचिनी-लवंग घालून गरम केलेली रेड वाइन, तळाशी मनुका आणि बदाम. एरवीच्या दिवशी दालचिनीचा रोल आणि कॉफी. डाएट कॉन्शस मंडळींनी या भागातून पटकन पुढे सरकावं.

आणि कपडे? 'ह्युगाबुक्सर' असा खास शब्द आहे. म्हणजे जी पँट घालून तुम्ही मेलात तरी लोकांसमोर जाणार नाही, पण घरात जी कायम अंगावर असते ती. गुडघ्याला फुगा आलेली, रंग उडालेली ट्रॅक पँट तुमच्याकडेही आहे, उगाच लाजू नका.

इथपर्यंत सगळं छान छान. पण एक हिशेब मांडूया. १९९० पासून डेन्मार्कमध्ये युनियन आणि मालकांच्या करारांनुसार कामाचा आठवडा ३७ तासांचा आहे. वर्षाला पाच आठवडे सुट्टी कायद्याने, बऱ्याच जणांना करारातून आणखी थोडी. चार वाजले की लोक उठतात, सायकल काढतात आणि पाळणाघरातून पोरांना घ्यायला जातात. बॉसही जातो, कारण त्यालाही पोरं आहेत. उशिरापर्यंत बसणाऱ्याचं कौतुक होत नाही. उलट याला काम आटपता येत नाही का, अशी शंका येते. हे सगळं फुकट नाही. इन्कम टॅक्स जबरदस्त, वस्तूंवरचा व्हॅट २५ टक्के, बाहेर जेवणं खिशाला चटका. पण त्याच्या बदल्यात दवाखाना आणि कॉलेज यांची काळजी डोक्यावर नाही. आणि हॉटेल महाग म्हणून मित्र घरी येतात. यजमान किचनमध्ये एकटा राबत नाही. एक जण बटाटे सोलतो, दुसरा टेबल मांडतो. गप्पांत कुणी आपलं पॅकेज सांगत नाही की मोठेपणा मिरवत नाही, ते तिथे वाईट दिसतं.

येपे ट्रोले लिनेट या डॅनिश मानववंशशास्त्रज्ञाने २०११ साली लिहिलेल्या पेपरचं नावच मुळी 'पैशाने ह्युगा मिळत नाही' अशा अर्थाचं आहे. गंमत म्हणजे हा पेपर ह्युगाची आरती नाही. लिनेट म्हणतो, की या उबेला दारही असतं आणि ते आतून बंद होतं. आम्ही ह्युगा करणारे नीट माणसं, आणि ते दुसरे, ज्यांना जमत नाही ते वेगळे, अशी रेघ नकळत मारली जाते. 'ह्युगारेसिझम' हाही खरा डॅनिश शब्द आहे: टेबलाभोवती हसत हसत वंशावरून मारलेले टोमणे, आणि कुणी आक्षेप घेतला तर 'अरे, गंमत होती!'. तिथे नोकरीला गेलेल्या परदेशी लोकांच्या सर्व्हेंमध्येही 'मित्र मिळणं' या रकान्यात डेन्मार्क वारंवार तळाशी दिसतो. शाळेपासूनचा चार-पाच जणांचा ग्रुप, तोच चाळिशीतही. नव्याने गेलेल्या आयटीवाल्याला पगार, सायकल आणि हवेशीर फ्लॅट पहिल्या महिन्यात मिळेल, पण शुक्रवारच्या जेवणाचं बोलावणं यायला वर्ष लागू शकतं.

म्हणून डेन्मार्कची कॉपी मारायची असेल, तर नेमकं काय घ्यायचं ते ठरवा. ब्लँकेट आपल्याकडे मे महिन्यात उपयोगाचं नाही. ऑफिस चार वाजता सुटणार नाही. लोकलचा आणि ट्रॅफिकचा वेळ धरला तर आठ वाजताही शंका आहे, आणि दोन मेणबत्त्या लावून ते तास परत येत नाहीत. हा प्रश्न दिव्यांच्या दुकानात सुटणारा नाही, तो एचआरच्या टेबलावरचा आहे. पण आठवड्यातली एक संध्याकाळ तरी पकडता येते. डॅनिश घरांत ती शुक्रवारची असते, तिला 'फ्रेडॅग्सह्युगा' म्हणतात: साधं जेवण, वाटीभर गोळ्या-चॉकलेटं, सोफ्यावर सगळे एकत्र, आणि दुसरीकडे कुठेही जायचं नाही. कुणाला बोलवायचं असेल, तर तीन-चारच जणांना बोलवा आणि कांदा त्यांनाच चिरायला लावा. जमलं तर त्यात एखादं नवं माणूसही घ्या, शेजारच्या फ्लॅटमध्ये पीजी म्हणून राहायला आलेलं, ज्याचं शहरात अजून कुणी नाही. डॅनिश लोकांना हे नीट जमत नाही, आपल्याला जमतं.

आणि त्यांची एक सवय मला फार आवडते. कुणाच्या घरी जेवून आलं, की पुढच्या वेळी ती माणसं जिथे कुठे भेटतील तिथे, मग भले मध्ये दोन महिने गेलेले असोत, पहिलं वाक्य असतं 'ताक फॉर सिस्ट'. म्हणजे, मागच्या वेळेबद्दल थँक्यू.