विश्वामित्रीच्या सुसरी आणि आपण बडोदेकर

ट्रस्टच्या महोत्सवी स्मरणिकेसाठी ‘आपल्या गावाबद्दल काहीतरी लिहा’ असा निरोप आला, तेव्हा प्रथम राजवाडे, ग्रंथालये आणि संगीतशाळा डोळ्यांसमोर आल्या. त्यांवर अधिकारी लेखणीने पुष्कळ लिहिलेले आहे. बडोद्यात भरलेल्या साहित्य संमेलनांविषयीही, म्हणजे १९०९, १९२१, १९३४ व २०१८ सालांविषयी, आपल्या मंडळींना सांगावयास नको. परंतु या नगरीचा एक रहिवासी असा आहे की, तो गायकवाडांच्याही आधीपासून येथे राहतो, कोणत्याही जनगणनेत त्याचे नाव येत नाही आणि पाऊस जास्त झाला की तो आपल्या दारात येऊन उभा राहतो. तो म्हणजे विश्वामित्रीतली सुसर. आजचा लेख तिच्याविषयी.

प्रथम नावाचा घोळ मिटवू. आपण मराठी माणसे सरसकट ‘सुसर’ म्हणतो, शेजारचे गुजराती बांधव ‘मगर’ म्हणतात. हल्लीच्या प्राणिशास्त्राच्या मराठी पुस्तकांत लांब, निमुळत्या तोंडाच्या घडियालास सुसर म्हणतात आणि रुंद तोंडाच्या, गोड्या पाण्यातल्या जातीस मगर. त्या हिशेबाने विश्वामित्रीत आहे ती मगर. तथापि माझ्या आजीच्या तोंडी ‘सुसर’ हाच शब्द होता, तेव्हा या लेखात दोन्ही चालतील. ‘मगर’ हा शब्द संस्कृत ‘मकर’ यापासून आलेला आहे आणि गंगेचे वाहन मकरच आहे, एवढे लक्षात असले म्हणजे पुरे.

विश्वामित्री पावागडावर उगम पावते, बडोद्याच्या मधून वेडीवाकडी वळणे घेत जाते, पुढे ढाढर नदीला मिळते आणि ते पाणी खंभातच्या आखाताला जाते. नदी लहान, पात्र अरुंद, काठ मातीचे आणि उभे. काठाला जागोजागी पाण्याने कोरलेल्या घळी आहेत. त्यांना येथे ‘कोतर’ म्हणतात. उन्हाळ्यात ही नदी पाहणाऱ्यास नालाच वाटतो आणि शहराचे सांडपाणी तिच्यात मिसळत असल्यामुळे तो समज अगदीच चुकीचा म्हणता येत नाही. अशा पाण्यात एवढा मोठा प्राणी कसा तगतो, हा प्रश्न पाहुणे नेहमी विचारतात.

उत्तर पाण्यापेक्षा काठात आहे. सुसर मातीच्या काठात पाण्यालगत लांब बीळ खोदते आणि कडक ऊन किंवा कडक थंडी असेल तेव्हा त्यात पडून राहते. हिवाळ्यात ती सकाळी उन्हात येते. तिचे रक्त आपल्यासारखे आपोआप उबदार राहत नाही, अंग शेकून घ्यावे लागते. तोंड उघडे टाकून पडलेली सुसर पाहून मुले घाबरतात. वस्तुतः ते उष्णता सांभाळण्याचे साधन आहे, रागाचे लक्षण नव्हे. फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास मादी काठावरच्या कोरड्या मातीत खड्डा करून पंचवीस-तीस अंडी घालते. त्या मातीची ऊब किती यावर पिल्लू नर होणार की मादी हे ठरते. पावसाळ्याच्या तोंडी पिल्ले आतून आवाज देऊ लागली की आई माती उकरते आणि त्यांना जबड्यात धरून पाण्यात नेऊन सोडते. ज्या जबड्याची आपल्याला धास्ती, तोच तिच्या लेकरांचा पाळणा.

आता संस्कृतीकडे वळू. आपल्या कीर्तनांतून आपण गजेंद्रमोक्षाची कथा ऐकत वाढलो. तीत नक्र हा पाय धरणारा, चक्राने मारला जाणारा. सुसरीला आपण खलाची भूमिका दिली. गुजरातेत मात्र खोडियार मातेचे वाहनच मगर आहे. माता मगरीवर उभी आहे, ही तसबीर येथील असंख्य घरांत, दुकानांत आणि रिक्षांतही दिसते. पूर्वी आमच्या शेजारच्या काकी सुसर दिसली की हात जोडून ‘माताजीनुं वाहन’ म्हणत आणि मुलांना दगड मारू देत नसत. माझी आजी त्यांना म्हणे, ‘अहो बेन, वाहन असेल तुमचं, पण पाय आमचा आहे ना!’ दोघींचे म्हणणे खरे होते.

खेडा-आणंद जिल्ह्यांच्या चरोतर भागात देवा, मलातज अशा गावांच्या तळ्यांत मगरी आहेत. त्याच तळ्यांवर गुरे पाणी पितात, बायका कपडे धुतात. मलातजला तळ्याकाठी खोडियार मातेचे देऊळ आहे. दक्षिणेकडे तापी जिल्ह्यातील सोनगड तालुक्यात वसावा, गामित, चौधरी हे आदिवासी बांधव लाकडाचा मगर करून ‘मोगरा देव’ म्हणून पूजतात. पीकपाणी आणि घरची खुशाली त्याच्याकडे मागतात. सोनगड हे गायकवाडांचे आरंभीचे ठाणे. म्हणजे ज्या मुलखात आपल्या पूर्वजांनी प्रथम तळ टाकला, तेथे सुसर आधीच देव होती. गोव्यातही कुंभारजुवे कालव्याच्या परिसरात चिखलाची सुसर घडवून तिची पूजा करतात. तेव्हा मराठी-कोकणी माणसाला हे अगदीच परके आहे असे नव्हे. आपण विसरलो एवढेच.

राजदरबारचे प्राणिप्रेम निराळे होते. खंडेराव महाराजांना साठमारीचा, म्हणजे हत्तींच्या झुंजीचा, मोठा षोक. पाणीगेटजवळचे आगड त्या काळाची आठवण देते आणि हाथीखाना हे नाव आज धान्यबाजाराला राहिले आहे. सयाजीराव महाराजांच्या काळात रोख बदलला. १८७९ साली त्यांच्या नावाची बाग झाली, तिच्यात प्राणिसंग्रहालय आले, संग्रहालयाची इमारत उठली. तेथील निळ्या देवमाशाचा सांगाडा पाहण्यास आजही खेड्यापाड्यांतून लोक येतात. शहराच्या पाण्यासाठी आजव्याचे सयाजी सरोवर झाले. डभोई तालुक्यातील वढवाणा तलाव १९०९–१०च्या सुमारास शेतीसाठी बांधला गेला. हिवाळी पक्ष्यांमुळे २०२१ साली तो रामसर यादीत गेला. माणसाच्या सोयीसाठी केलेल्या पाण्यावर पक्षी आणि मगरी आपण होऊन राहायला आल्या, ही त्यातली गंमत. आजव्यातही मगरी आहेत.

सुसरीला खरे संरक्षण मिळाले ते १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने. पहिल्या परिशिष्टात तिचे नाव आले आणि कातड्यासाठी होणारी शिकार गुन्हा ठरली. १९७५पासून देशात मगरींच्या संवर्धनाचा प्रकल्प सुरू झाला. पुढे विश्वामित्रीत तिची संख्या वाढत गेली. फेब्रुवारी २०२५मध्ये झालेल्या गणतीत शहर व आसपासच्या पात्रात ४४२ मगरी आढळल्या. एवढ्या दाट वस्तीतून वाहणाऱ्या नदीत इतक्या मगरी, असे दुसरे मोठे शहर दाखवणे कठीण.

आणि म्हणूनच पुराची गोष्ट सांगितली पाहिजे. ३१ जुलै २०१९ रोजी एका दिवसात वीस इंचांच्या आसपास पाऊस झाला. ऑगस्ट २०२४च्या अखेरीस विश्वामित्रीने पंचवीस फुटांची धोक्याची रेषा ओलांडली ती कितीतरी. दोन्ही वेळा रस्त्यांतून मगरी पोहताना लोकांनी पाहिल्या. २०२४ साली अकोट्यात एक मगर घराच्या छपरावर बसलेली होती. २७ ते २९ ऑगस्ट या तीनच दिवसांत वन खात्याने चोवीस मगरी पकडल्या. आमच्या सोसायटीत त्या रात्री वीज नव्हती. जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत पाणी होते आणि बॅटरीच्या उजेडात खाली दोन तांबडे ठिपके चमकले. ते जागचे हलले नाहीत, आम्हीही हललो नाही. पहाटे पाणी उतरले, ठिपके गेले होते.

लोक म्हणतात, मगरी शहरात शिरल्या. हे अर्धेच सत्य. पुरात प्रवाह इतका जोराचा होतो की मोठ्या सुसरीलाही त्यात टिकाव धरता येत नाही. ती संथ पाणी शोधते. पूर्वी हे संथ पाणी कोतरांत मिळे. नदी फुगली की पाणी त्या घळींत पसरे, थांबे आणि ओसरल्यावर हळूहळू परत येई. त्या घळी भरून त्यांवर बांधकामे झाली. मग पाण्यालाही जागा उरली नाही आणि मगरीलाही. दोघेही ज्याला येथे ‘कांस’ म्हणतात त्या नाल्यांतून उलटे आपल्या गल्लीत येतात. मगरीचे बीळ आणि पुराचे पाणी यांना लागणारी जागा एकच आहे, ही गोष्ट मला फार उशिरा कळली. माझे स्वतःचे घर जेथे आहे, तेथे जुने लोक एक घळ होती असे सांगतात. तेव्हा या बाबतीत मी फिर्यादी नाही, झाला तर आरोपीच आहे.

२०२४च्या पुरानंतर नदीचा गाळ काढणे व पात्र रुंद करणे हे काम २०२५च्या उन्हाळ्यापर्यंत मोठ्या प्रमाणावर झाले. पुरात ज्यांचे संसार भिजले त्यांनी ते मागावे हे रास्तच. माझे म्हणणे इतकेच की, उन्हाळ्याचे हेच महिने सुसरीच्या अंड्यांचे आहेत; यंत्र काठावर उतरण्याआधी तेथे घरटे आहे की नाही हे प्रत्येक वेळी पाहिले पाहिजे. आणि काठ मातीचाच राहिला पाहिजे. दगड-सिमेंटच्या भिंतीत बीळ खोदता येत नाही. बीळ नसलेली सुसर नदी सोडून जात नाही. ती नाल्यात, गटारात, पडक्या भिंतीखाली जागा पाहते. म्हणजे आपल्या आणखी जवळ येते.

धोका नाही असे कोणी समजू नये. बडोद्यात आणि नदीकाठच्या गावांत मगरीच्या हल्ल्यात माणसे दगावली आहेत. बहुतेक वेळी माणूस पाण्यात उतरलेला किंवा अगदी काठाशी वाकलेला असतो. तिन्हीसांजेनंतर पाण्याजवळ जाऊ नये, काठावर मांसमच्छीचा कचरा टाकू नये, कुत्र्याला नदीवर मोकळे सोडू नये. अंगणात सुसर आली तर तिच्याभोवती गर्दी करू नये. तिला निघून जाण्याची वाट मोकळी ठेवावी आणि वन खात्याला कळवावे. सोडवणारी मंडळी तिच्या डोळ्यांवर ओले पोते टाकतात, कारण अंधार झाला की ती शांत होते. मग जबडा दोरीने बांधतात. जबडा मिटण्याची तिची ताकद प्रचंड, पण उघडण्याची अगदी कमी. साधी दोरी पुरते. पूर ओसरला की तिला पुन्हा विश्वामित्रीत सोडतात.

ज्यांना तिला भीती न बाळगता पाहावयाचे असेल, त्यांनी संक्रांतीच्या सुमारास, पतंगांची गडबड सुरू होण्याआधी, सयाजीबागेतल्या पुलावर सकाळी नऊ-दहाला उभे राहावे. सोबत दुर्बीण असली तर उत्तम. प्रथम काही दिसत नाही. पलीकडच्या काठावर नुसती चिखलाची ढेकळे असतात. थोडा वेळ थांबले की त्यांतले एक ढेकूळ तोंड उघडते.