शेजारच्या गावाशी सामना

व्याख्यानमालेच्या मांडवात शाळकरी मुलांच्या बास्केटबॉलचा विषय निघावा, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. तत्त्वज्ञान, अर्थकारण, नाट्यसंगीत यांच्या पंगतीला हा पाहुणा कसा, असेही कोणी विचारील. पण एखादा समाज कोणाशी खेळतो आणि कोणाशी खेळायचे नाकारतो, यावरून त्याची जितकी ओळख पटते तितकी त्याच्या सभांतील भाषणांवरून पटत नाही, असा आमचा अनुभव आहे. यासाठी आम्ही श्रोत्यांना अमेरिकेतील इंडियाना राज्यात नेणार आहो.

हा खेळ जन्मला 1891 च्या डिसेंबरात, मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे. जेम्स नायस्मिथ नावाच्या व्यायामशिक्षकाने सज्जाच्या कठड्याला पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या आणि हिवाळ्यात घरात कोंडलेल्या तरुणांना काम दिले. परंतु तो रुजला मात्र इंडियानाच्या मक्याच्या शेतांमध्ये. कारण उघड आहे. हिवाळ्यात शेतीची कामे थंडावलेली, बाहेर बर्फ, आणि खेड्यातील शाळेत मुले मोजकीच. फुटबॉलला अकरा गडी लागतात. येथे पाच पुरतात. 1911 साली राज्याची पहिली अजिंक्यपद स्पर्धा झाली, आणि पुढे गावाची इभ्रत त्या पाच पोरांच्या हाती गेली ती गेलीच.

आता 'कॉन्फरन्स' म्हणजे काय, ते पाहू. जवळपासच्या आठ-दहा हायस्कुलांनी मिळून केलेले हे मंडळ असते. दर हंगामात सभासद शाळांनी एकमेकींशी खेळायचे, आणि त्या सामन्यांतील जय-पराजयांवरून मंडळाचा विजेता ठरवायचा, एवढाच करार. मुलांनी शाळा सुटल्यावर बसने जावे आणि रात्री घरी परत यावे, इतपतच अंतर असले म्हणजे सोयीचे. यामुळे प्रतिस्पर्धी आपोआपच शेजारी होतो, आणि शेजाऱ्याशी असलेली चुरस कशी असते हे भाऊबंदकी जाणणाऱ्या आपल्या लोकांना सांगायला नको. नॉर्थ सेंट्रल कॉन्फरन्स हे असेच एक नामांकित मंडळ. 1926 साली ते स्थापन झाले. मन्सी, अँडरसन, मॅरियन, कोकोमो, न्यू कॅसल ही त्यातली वर्षानुवर्षांची भांडकुदळ गावे. मन्सी आणि अँडरसन यांत अंतर सुमारे वीस मैल. 1985, 1986 आणि 1987 अशी लागोपाठ तीन वर्षे मॅरियनने राज्याचे अजिंक्यपद जिंकले. 1988 साली ते मन्सी सेंट्रलने आणले. म्हणजे चार वर्षे राज्याचा मान एकाच मंडळात फिरत राहिला. दोन्ही शाळांच्या नावावर प्रत्येकी आठ अजिंक्यपदे आहेत. या बरोबरीवर त्या दोन गावांत किती संध्याकाळी खर्ची पडल्या असतील, देव जाणे.

हंगामाचे तोंड उघडते नोव्हेंबरच्या अखेरीस. आरंभीचे बरेच सामने मंडळाबाहेरच्या शाळांशी असतात. फुटबॉल खेळणारे गडी नुकतेच मैदानावरून आलेले असतात. त्यांचे पाय धावायला तयार, पण हात टोपलीला सरावलेले नसतात. गेल्या वर्षीचे खंदे खेळाडू शाळा सोडून गेलेले असतात. म्हणून जाणता शिक्षक या दिवसांतील पराभव फारसा मनाला लावून घेत नाही. किंबहुना बलाढ्य शाळेशी मुद्दाम सामना ठरवून तो आपल्या मुलांची उणीव डिसेंबरातच उघडी पाडतो. गावाला मात्र एवढा धीर कुठला? पहिल्या दोन सामन्यांतच संघाचे भविष्य वर्तवून ते मोकळे होते.

गंमत अशी की, या सगळ्याचा मार्चमधील राज्यस्पर्धेशी कागदोपत्री काहीच संबंध नव्हता. इंडियानात प्रत्येक शाळेला राज्यस्पर्धेत प्रवेश असे. मंडळात पहिली आलेली आणि एकही सामना न जिंकलेली, दोघींची नावे सारख्याच चिठ्ठ्यांवर. त्यामुळेच 1954 साली 161 विद्यार्थ्यांच्या मायलन या शाळेने मन्सी सेंट्रलला 32-30 असे हरवले. बॉबी प्लम्प या मुलाने चार मिनिटांहून अधिक काळ चेंडू नुसता हातात धरून ठेवला होता. ही कथा पुढे चित्रपटामुळे जगभर गेली, म्हणून येथे लांबवीत नाही.

आम्हाला अधिक बोलकी वाटते ती दुसरी कथा. इंडियानापोलिस शहरात 1927 साली क्रिस्पस ॲटक्स हायस्कूल उघडले, ते कृष्णवर्णीय मुलांना गोऱ्यांपासून वेगळे ठेवण्यासाठी. राज्याच्या क्रीडासंघटनेने अशा शाळांना 1942 पर्यंत पूर्ण सभासदत्व दिले नाही. म्हणजे पंधरा वर्षे ज्या शाळेचे शेजारी तिच्या भोवती होते, पण प्रतिस्पर्धी नव्हते, अशी ही शाळा. हंगामाचे वेळापत्रक भरायला तिला दूरदूर जावे लागे. स्वतःचे सभागृह इतके अपुरे की, 'घरचे' सामनेही बटलर विद्यापीठाच्या क्रीडागृहात भरवावे लागत. सामना नाकारणे म्हणजे काय, हे येथे कळते. हरण्याचे दुःख एका रात्रीचे. पण तुमच्याशी आम्ही खेळतच नाही, असे म्हटल्यावर पुढच्या वर्षी परतफेड करायची सोयच उरत नाही.

1955 साली याच शाळेने रे क्रो या शिक्षकाच्या हाताखाली गॅरी रुझवेल्ट शाळेला 97-74 असे हरवून राज्य जिंकले. अंतिम सामन्यातल्या दोन्ही शाळा कृष्णवर्णीयांच्या! इंडियानापोलिसच्या कोणत्याही शाळेला तोवर हा मान मिळाला नव्हता. तरीही विजेत्यांची मिरवणूक शहराच्या मध्यचौकाला एक फेरी घालून पुढे कृष्णवर्णीयांच्या वस्तीतील बागेकडे वळवण्यात आली. संघातला ऑस्कर रॉबर्टसन पाच वर्षांनी रोमच्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेसाठी सुवर्णपदक घेऊन आला; ती मिरवणूक मात्र तो विसरला नाही. 1956 साली ॲटक्सने एकही सामना न हरता पुन्हा राज्य जिंकले.

त्यानंतर राज्याचे रूप पालटले. 1959 च्या कायद्याने लहान शाळा एकत्र करण्यास वेग आला. एकेकाळी सातशेहून अधिक शाळा स्पर्धेत उतरत. त्या आज चारशेच्या आसपास उरल्या आहेत. दोन हाडवैरी गावांची मुले एकाच बाकावर बसू लागली. मोटारींचे कारखाने जोरात असताना अँडरसनने 1961 साली शाळेसाठी जवळजवळ नऊ हजार आसनांचे क्रीडागृह बांधले. कारखाने गेले आणि 2011 साली शाळेचे सामने तेथून हलले. त्या आधीच, 2010 पर्यंत, गावातील तीन हायस्कुलांचे एकच झाले होते.

1997-98 च्या हंगामापासून राज्यस्पर्धेचे विद्यार्थिसंख्येनुसार चार वर्ग पाडण्यात आले. लहान शाळांना न्याय मिळाला हे खरे. परंतु वीस मैलांवरची मोठी शाळा आणि शेजारची धाकटी शाळा यांची गाठ मार्चमध्ये पडण्याचा मार्ग बंद झाला. आता त्यांची भेट व्हायची तर मंडळाच्या सामन्यांत, नाहीतर नोव्हेंबर-डिसेंबरच्या त्या कच्च्या दिवसांत, ज्यांना हिशेबात कोणी धरत नाही. आणि तीही दोन्ही शाळांनी वेळापत्रकात एकमेकींचे नाव लिहिले तरच.